बर्लिनमध्ये टीईआयचं काम घेतलंत? आधी यादी मागा

बर्लिनला आल्यावर राहत्या पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करा, हे तुम्हाला दहा जण सांगतील. टीईआय म्हणजे जुन्या मजकुरात संगणकाला कळतील अशा खुणा (टॅग) घालायची पद्धत. अशा डिजिटल आवृत्तीच्या प्रकल्पात रुजू झाल्यावर काय मागायचं, ते मी सांगतो: प्रकल्पाची ओडीडी फाइल, म्हणजे त्या खुणांची नियमावली. कोणत्या ॲट्रिब्यूटला (खुणेला जोडलेल्या रकान्याला) कोणती व्हॅल्यू चालते, त्याची यादी तिच्यात ठरलेली असते.

यादी बंद असेल, म्हणजे तिच्याबाहेरचं काहीच चालत नसेल, तर बाहेरची व्हॅल्यू टाकताच एडिटर सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं, विषय संपला. गोची होते खुल्या यादीत, जिथे व्हॅल्यू नुसत्या सुचवलेल्या असतात. 'टाइप' या ॲट्रिब्यूटमध्ये एकाने 'लेटर' लिहिलं, दुसऱ्याने 'लेटर्स', तिसऱ्याने जर्मन 'ब्रीफ', तर तिन्ही व्हॅलिड ठरतात आणि शोधायला बसलं की निम्मी पत्रं गायब! 'अदर'ही जपून वापरा. अडचणीचं सगळं त्यातच जाऊन पडतं.

यावर इथल्या डॉइचेस टेक्स्टआर्काइव्हने, म्हणजे जुन्या जर्मन मजकुरांच्या डिजिटल संग्रहाने, टीईआयमधूनच आटोपशीर संच बांधला, बाझिसफॉर्माट. फ्राक्टुर (जुन्या टोकदार जर्मन अक्षरांच्या) छपाईत मध्येच अँटिक्वा (साधी रोमन) अक्षरं आली तर 'हॅश एक्यू' ही व्हॅल्यू, अक्षरं फाकवून जुळवली असतील तर 'हॅश जी'. स्वतःच्या कल्पनेला वाव नाही. नव्या माणसाला हे जाचक वाटतं. मला तर हा जाच आवडतो.

आपल्याकडचे कागद हाती आले तर इथले सहकारी तुमच्याकडेच बघणार, म्हणून दोन गोष्टी पाठ असू द्या. मराठीचा भाषा-कोड दोन अक्षरी, 'एमआर'. तीन अक्षरी 'एमएआर' इथे चालत नाही. कागद मोडीत असेल तर डॅश देऊन पुढे 'मोडी', लिपीचा अधिकृत कोडच तो आहे. दुसरी गोष्ट तारखेची. पत्रात 'शके १७२५' दिसलं म्हणून तारखेच्या 'व्हेन' ॲट्रिब्यूटमध्ये १७२५ टाकू नका. ते ॲट्रिब्यूट इसवी सनच समजतं, म्हणजे पत्र ७८ वर्षं मागे गेलं! तिथे महिना पाहून १८०३ किंवा १८०४ येईल. शक वर्ष नोंदवायला 'व्हेन-कस्टम' आहे, आणि मजकुरातला आकडा तर तसाच राहतो.

नवी व्हॅल्यू हवीच असेल तर परस्पर घुसडू नका, इथे ते फार लागतं लोकांना. एका वाक्यात व्याख्या आणि दोन-तीन खऱ्या पानांचे दाखले घेऊन बैठकीत मांडा. मंजूर होईपर्यंत यादीतली सर्वांत जवळची व्हॅल्यू लावा आणि शेजारी कॉमेंट ठेवा.