रेनेसाँसचे कच्चे कागद कुठून वाचायला घ्यावेत

रेनेसाँसची धार्मिक चित्रं अभ्यासायची म्हटलं की बहुतेक जण थेट भित्तिचित्रांकडे वळतात. माझं ऐकाल तर आधी त्यांच्यामागचे कागद, म्हणजे चित्रकाराने तयारीसाठी केलेली रेखाटनं, बघा, आणि सुरुवातीला एकच घ्या. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री) मायकेलअँजेलोने १५१०-११ च्या सुमारास लाल खडूने केलेला. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, पण मोठी प्रतिमा त्यांच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येते. साताऱ्यात बसूनही काम भागतं.

कागद जेमतेम ए-फोरएवढा. त्यावर पाठमोरं, पिळलेलं शरीर, आणि तेही पुरुषाचं. छतावर रंगवली ती स्त्री, मॉडेल मात्र पुरुष. लाइफ ड्रॉइंग, म्हणजे मॉडेल समोर बसवून रेखाटन, केलेल्यांची नजर पाठीच्या स्नायूंवर खिळते. ती तिथून काढा आणि खाली न्या. डाव्या पायाचा अंगठा पुन्हा पुन्हा काढलाय. भार त्या बोटांवर येणार, मग अंगठा किती दबेल? एवढी मोठी आकृती तोलायची तर हे आधी ठरायला हवं. चेहराही वेगळा काढलाय, आणि तिथे तो बाईचा होऊ लागलाय. मी नव्या मुलांना आधी अंगठाच कॉपी करायला लावते. मुलं कुरकुरतात.

मग खुणा वाचायला शिका. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन म्युझियममध्ये राफाएलचा काळ्या खडूचा एक कागद आहे. ‘ट्रान्सफिगरेशन’ या येशूच्या दिव्य रूपाच्या चित्रातल्या दोन प्रेषितांची डोकी आणि हात. जवळून पाहिलं की रेषांबरोबर बारीक ठिपके दिसतात. पूर्ण मापाच्या खाक्याला रेषेवरून भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड थोपटायची, की खालच्या कागदावर ठिपके उमटतात. आपल्याकडे भरतकामाचा छाप उठवतात तसंच. म्हणजे मांडणी पक्की झाल्यावर राफाएलने ही डोकी नव्या कागदावर उतरवली आणि भाव पुन्हा तपासले. मला हा कागद पूर्ण चित्रापेक्षा जवळचा वाटतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत लिओनार्दोचा मारिया, येशू, संत ॲन आणि बाल योहान यांचा मोठा खाका आहे. त्याच्या बाह्यरेषांना भोकं नाहीत. म्हणजे या कागदावरून चित्र थेट उतरवलेलं नाही.

तिकडे इंग्लंडला शिकायला जाणार असाल तर अ‍ॅश्मोलियन आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट रूममध्ये (रेखाटनं बघायच्या खोलीत) आधी वेळ ठरवून मूळ कागद बघता येतात. पेन चालत नाही, पेन्सिलच न्या. एका बैठकीला दोन-तीन कागद पुष्कळ झाले. राफाएलचे सात अवाढव्य खाके लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये फुकट बघता येतात. दहाव्या लिओ पोपने १५१५ मध्ये सिस्टीन चॅपेलच्या टॅपेस्ट्रींसाठी, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांसाठी, ते करून घेतले. विणकर मागच्या बाजूने विणत, म्हणून खाक्यात सगळं उलटं आहे. फोटो काढून फोनवर आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करा, मग कोण कोणाकडे बघतंय ते नीट कळतं.