अंतराळातील पेयांविषयीचे दावे कसे तपासावेत

‘टँग हे पेय नासाने अंतराळवीरांसाठी शोधले’ असे प्रश्नमंजूषेत आजही सर्रास लिहिले जाते. असा दावा हाती आला की सर्वप्रथम तारखा शेजारी-शेजारी मांडाव्यात. जनरल फूड्स कंपनीचे रसायनतज्ज्ञ विल्यम मिचेल यांनी टँगची पूड 1957 मध्ये तयार केली, तर नासाचे कामकाज सुरू झाले 1 ऑक्टोबर 1958 रोजी; म्हणजे जी संस्था तेव्हा अस्तित्वातच नव्हती, तिला या शोधाचे श्रेय देता येत नाही. 1962 मध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या उड्डाणात टँग वापरले गेले आणि त्यातून मिळालेल्या प्रसिद्धीमुळे हा समज रुजला.

यानंतर ‘पहिले’ हा शब्द तपासावा, कारण माझ्या मते सर्वाधिक चुका तिथेच होतात. 2015 मध्ये इटालियन अंतराळवीर सामांथा क्रिस्तोफोरेत्ती यांनी अंतराळस्थानकावर यंत्रात तयार केलेली एस्प्रेसो कॉफी प्यायली, ही घटना खरी आहे. मात्र ‘अंतराळातील पहिली कॉफी’ असे तिचे वर्णन चुकीचे ठरते, कारण अपोलो 11 च्या अंतराळवीरांकडेही झटपट कॉफी होती. शीतपेयांच्या बाबतीत मोहिमेचा क्रमांकच शोधावा. 1985 च्या एसटीएस-51-एफ या चॅलेंजर यानाच्या मोहिमेत कोका-कोला आणि पेप्सी दोन्हींचे खास डबे होते, त्यामुळे एकाच कंपनीचे नाव घेणारे वाक्य अपुरे समजावे.

स्थळही नेमके पाहावे: अपोलो 11 चे अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी 1969 मध्ये धार्मिक विधीसाठी वाइन घेतली ती चंद्रावर उतरलेल्या यानात बसून, चंद्राच्या पृष्ठभागावर चालताना नव्हे.