टेबलावरचे सुरुंगक्षेत्र: शोध घेणे आणि वाट काढणे

बेळगावात, वडगावच्या आमच्या घरी पावसाळ्यातील रविवारी युद्धखेळाचा डाव मांडला जातो, तेव्हा नवा खेळाडू सुरुंगक्षेत्राला रणगाडे उडवण्याचे साधन समजतो. खरे तर हे क्षेत्र हल्लेखोराचा वेळ खाण्यासाठी पेरलेले असते, म्हणून डावाचे नियमही त्याच हिशेबाने ठरवावेत.

बचाव करणाऱ्याने क्षेत्राच्या सीमा कागदावर आखून तो कागद पंचाकडे द्यावा आणि टेबलावर पुठ्ठ्याचे तीन तुकडे पालथे ठेवावेत. त्यांतला एकच खऱ्या सुरुंगक्षेत्राचा असावा. सॅपरांची (सुरुंग शोधून वाट काढणाऱ्या लष्करी अभियंत्यांची) तुकडी एखाद्या पुठ्ठ्यापासून चार इंचांवर येऊन त्या फेरीत दुसरे काहीही करणार नसेल, तरच तिने फासा टाकावा आणि चार किंवा अधिक पडल्यास पुठ्ठा उलटावा. धावत्या पायदळाला ही सवलत देऊ नये.

वाट काढताना सॅपरांना एका फेरीत दोन इंच आणि जमिनीवर साखळ्या आपटून सुरुंग फोडत जाणाऱ्या रणगाड्याला चार इंच द्यावेत, मात्र त्या फेरीत त्या रणगाड्याला तोफ डागता येऊ नये. १९१२ मध्ये मद्रास सॅपर्सच्या मॅक्लिंटॉक यांनी बंगळूरला घडवलेली बंगलोर टॉर्पेडो ही मुळात काटेरी तारा तोडणारी स्फोटक नळी आहे. तिने उघडलेली वाट केवळ पायदळासाठीच धरावी.

सॅपरांवर मारा होणारच, आणि त्यावरचा उपाय कारवारजवळच्या चेंडियाचे, भारतीय लष्करातील सॅपर अधिकारी रामा राघोबा राणे यांनी दाखवून दिला आहे. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू भागातील नौशेरा-राजौरी मार्गावर ते रणगाड्याच्या आडोशाने सरपटत पुढे गेले आणि दोन दोरांच्या खुणांनी चालकाला आपल्या गतीने चालवत राहिले. म्हणून रणगाड्याला चिकटून चालणाऱ्या सॅपरांना आम्ही पक्का आडोसा देतो, परंतु रणगाड्याचा वेगही दोन इंचांवर आणतो.

ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत सुरुंगांतून काढलेल्या अरुंद वाटांमध्ये रणगाड्यांची कोंडी झाली होती. म्हणून शक्य असेल तर दोन वाटा काढाव्यात. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना मागावरचा पांढरा सुती दोरा अंथरावा आणि टोके टाचणीने पक्की करावीत. रणगाड्याच्या तळाचा कोपरा दोऱ्याबाहेर गेला, तर फासा टाकावा: एक किंवा दोन पडल्यास पट्टा तुटतो, रणगाडा जागीच थांबतो आणि मागच्यांची वाट अडते.