डेमोच्या आदल्या रात्री: लॅपटॉप आणि व्हर्च्युअल मशीन जोडताना

व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय आणि त्या मशीनवर उबुंटू सर्व्हर ही लिनक्स सिस्टीम सुरू होतेय, हे धरून चालतो. मशीनमधलं ॲप लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दाखवायचंय. मशीन बंद करून सेटिंग्जमध्ये दोन नेटवर्क कार्डं लावा: पहिलं नॅट, दुसरं होस्ट-ओन्ली. नॅटने मशीनला इंटरनेट मिळतं, पण पोर्ट फॉरवर्ड केल्याशिवाय लॅपटॉपवरून आत शिरता येत नाही. ती वाट दुसऱ्या कार्डाची. ब्रिज्डच्या, म्हणजे मशीनला थेट बाहेरच्या वायफायवर जोडायच्या, भानगडीत पडू नका. ठाण्यात घरच्या वायफायवर चालेलही, पण ऐरोलीतल्या क्लायंटचं वायफाय अनोळखी मशीनला पत्ता देईलच असं नाही. होस्ट-ओन्ली लॅपटॉपच्या आतल्या आत चालतं, त्याला बाहेरचं वायफाय लागतच नाही.

आता लॉगिन करून 'आयपी ए' (ip a, कार्डं आणि त्यांचे पत्ते दाखवणारी कमांड) मारा. पहिल्या कार्डावर १०.०.२.१५ दिसेल. दुसरं बहुतेक 'डाऊन' असेल. इथे हात आपोआप 'आयपी ॲड्रेस ॲड' (ip address add) या पत्ता देणाऱ्या कमांडकडे जातो. कार्ड अप केलं, पत्ता दिला, एसएसएच (लॅपटॉपवरून मशीनमध्ये लॉगिन) लागलं, की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं! तो पत्ता रीबूट झालं की जातो. मी रात्री अकराला एवढंच करून झोपलो. सकाळी ठाण्याहून लोकल पकडून ऐरोलीला पोचलो, चार जणांसमोर मशीन सुरू केलं आणि ब्राउझर नुसता फिरत राहिला. वीस मिनिटं मी फायरवॉल चाचपत बसलो. 'आयपी ए'मध्ये त्या कार्डाखाली पत्त्याची ओळच नव्हती.

तेव्हा पत्ता नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाईलमध्ये लिहा. फाईलमध्येच. लॅपटॉपकडे सहसा १९२.१६८.५६.१ असतो, मशीनला १९२.१६८.५६.१०/२४ द्या, डीएचसीपी (आपोआप पत्ते देणारी सेवा) १०१ पासून पुढचे वाटतं, त्यामुळे टक्कर होत नाही. टॅब नको, स्पेसच द्या. या कार्डाला गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) अजिबात देऊ नका, नाहीतर इंटरनेटची वाट इकडे वळेल आणि अपडेट अडकतील. मग 'नेटप्लॅन ट्राय' चालवा: १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत येते.

आणि रीबूट करा. लॉगआउट नव्हे, सेव्ह स्टेट तर नव्हेच, त्यात मेमरी जशीच्या तशी परत येते आणि चूक झाकली जाते. पूर्ण बंद, पुन्हा सुरू, 'आयपी ए', पत्ता दिसला का? दिसला नाही तर फाईल उघडा, कार्डाचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

ओपनएसएसएच सर्व्हर टाका. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर एसएसएचचं २२ आणि तुमच्या ॲपचं पोर्ट उघडा. ॲप फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे मशीनच्या आतल्या आतच, ऐकत नाही ना, बघा. मशीनमधून विंडोजला पिंग जात नसेल तर त्यात वेळ घालवू नका, विंडोजची फायरवॉल ते अडवते. मशीनची नक्कल (क्लोन) केली असेल तर कार्डाचा मॅक पत्ता नवा घ्या. स्नॅपशॉट (मशीनच्या आताच्या स्थितीची प्रत). चार्जर. निघायच्या आधी आणखी एकदा रीबूट, आणि पत्ता बघूनच लॅपटॉप बॅगेत.