थाई ‘फरङ’ : उगम, उच्चार आणि वापर

थायलंडमध्ये गोऱ्या पाश्चात्त्य माणसाला ‘फरङ’ म्हणतात. मराठीतला ‘फिरंगी’ याच कुळातला आहे. पश्चिम युरोपातील फ्रँक लोकांच्या नावावरून अरबीत ‘इफ्रंज’ आणि फारसीत ‘फरंग’ हे शब्द रूढ झाले व धर्मयुद्धांच्या काळात ते सरसकट सर्वच पाश्चात्त्यांना लावले जाऊ लागले. पुढे हिंदी महासागरातील मुस्लिम व्यापाऱ्यांमार्फत हा शब्द सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, पोहोचला असावा, असे सामान्यतः मानले जाते. 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या पोर्तुगीजांनी त्याच 1511 साली आपला दूत सयामच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयेला पाठवला. थाईत फ्रान्सला ‘फरङसेत’ म्हणतात, म्हणून ‘फरङ’ हे त्याचेच लघुरूप असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु फ्रेंच मिशनरी अयुथ्थयेला आले ते पोर्तुगीजांनंतर दीडशे वर्षांनी, 1662 मध्ये, हे लक्षात घेता ती व्युत्पत्ती पटण्यासारखी नाही.

उच्चार करताना मराठी जीभ प्रथम अडखळते ती शेवटच्या अक्षरावर. ‘रंग’ म्हणताना आपण अनुनासिकानंतर ‘ग’ स्पष्ट उच्चारतो. थाईत तो नाही. ‘रंग’ म्हणायला सुरुवात करावी आणि जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला असतानाच, ‘ग’ फुटण्याआधी, थांबावे. ‘फ’ ओठ मिटून काढू नये, तर वरचे दात खालच्या ओठाला लावून काढावा. दोन्ही स्वर ऱ्हस्व असले तरी आपल्या ‘अ’पेक्षा उघडे आहेत, तोंड ‘आ’साठी उघडून लगेच आवरते घेतले की ते साधतात. पहिले अक्षर ओझरते उच्चारून भर दुसऱ्यावर द्यावा.

खरी परीक्षा सुराची. दोन्ही अक्षरे खालच्या सुरात म्हणायची असतात, म्हणून प्रश्न विचारल्यासारखा आवाज शेवटी वर नेऊ नये. लेखनात सूर दाखवणारे चिन्ह ‘र’वर असते आणि एरवी त्या अक्षराला त्या चिन्हाने उतरता सूर मिळाला असता; परंतु थाईत सूर व्यंजनाच्या वर्गावरही ठरतो आणि आधीचा ‘फ’ ‘उच्च’ नावाच्या वर्गातला असल्यामुळे ‘र’ही त्याचाच नियम पाळतो व सूर खालचा होतो. रोजच्या बोलण्यात ‘र’चा ‘ल’ होऊन ‘फलङ’ ऐकू येते. ते ओळखता यावे, पण शिकताना ‘र’च धरावा.

फळवाल्याकडे मात्र ‘फरङ’ म्हणजे पेरू, ‘मन फरङ’ म्हणजे बटाटा आणि ‘माक फरङ’ म्हणजे च्युइंगम. माणसाबद्दल बोलताना हा शब्द सहसा अपमानकारक नसतो, तरी औपचारिक प्रसंगी परदेशी व्यक्तीसाठी ‘छाव ताङ छात’ म्हणणे बरे. भारतीयांना थाई लोक ‘फरङ’ म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी ‘खॅक’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पाहुणा’ असला, तरी दक्षिण आशियाई, अरब आणि मलय लोकांना उद्देशून तो वापरला की अनेकांना खटकतो, तेव्हा स्वतःची ओळख करून देताना सरळ ‘खोन इंदिया’ म्हणजे भारतीय माणूस, असे सांगावे.