जर्मनीत कुठलं ऑफिस काय ठरवतं? सांगली-मिरजेहून कामासाठी निघणाऱ्यांना

मिरजेत जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, नाहीतर सांगली-कराडला इंजिनिअरिंग करून दोन-चार वर्षं नोकरी केलेली मुलं-मुली जर्मनीला निघतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिकडचं इमिग्रेशन ऑफिस कुठं आहे?" असं एक ऑफिस जर्मनीत नाहीच. आत यायची परवानगी एक जण देतो, राहायची दुसरा देतो. तुमच्या शिक्षणावर शिक्का तिसरा मारतो आणि नोकरीच्या अटी चौथा तपासतो. त्या चौथ्याची तर तुमच्याशी कधी गाठही पडत नाही. कुठला कागद कुणाच्या टेबलावर आहे हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या दारात महिनोन् महिने घालवतो.

आधी इथली ऑफिसं. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शेरा येत नाही. शिवाय ज्या अठरा देशांसाठी ईसीआरवाल्यांना मंजुरी लागते त्यांत जर्मनी नाही. म्हणजे मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (ही मंजुरी देणाऱ्या) ऑफिसचा तुमच्याशी संबंध नाही. या मंजुरीच्या नावाखाली कुणी जर्मनीला जाणाऱ्याकडे पैसे मागत असेल, तर देऊ नका.

व्हिसा मुंबईचा जर्मन महावाणिज्य दूतावास देतो. महाराष्ट्र त्याच्याच हद्दीत आहे. पण हद्द जन्मगावावर नाही, सध्या कुठं राहता त्यावर ठरते. जत-मिरजेकडची बरीच पोरं बेंगळुरूला नोकरी करतात. त्यांचा अर्ज बेंगळुरूच्या दूतावासाकडे जातो, कारण कर्नाटक आणि केरळ त्याच्याकडे आहेत. पासपोर्टवर सांगलीचा पत्ता असला तरी तिथं राहत असल्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा कंपनीचं पत्र, जोडावं लागतं.

व्हीएफएस, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी, हा दूतावास नव्हे. ते कागद गोळा करतात, बोटांचे ठसे घेतात, पासपोर्ट परत देतात. निर्णयात त्यांचा हात नाही, त्यामुळे "माझं कुठवर आलं?" हे तिथल्या खिडकीवर विचारून काही कळत नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून कामाच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद अपलोड केले की दूतावास ते आधी चाळतो, कमी असेल ते मागतो आणि मग अपॉइंटमेंट मिळते. ही सोय मनापासून वापरा. पूर्वी रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची आणि एका झेरॉक्ससाठी अर्ज अर्धवट ठेवून परतायचं, ती वेळ यामुळे टळते. फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची.

अर्ज नाकारला तर आधी दूतावासालाच फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता दोनच वाटा: त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज, नाहीतर एका महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून पहिल्याच अर्जात कागद पक्के हवेत.

आणि आपल्याकडच्यांचे कागद सगळ्यांत जास्त अडतात ते नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: 'पाटील स्नेहा विजय'. पासपोर्टवर सरनेम 'पाटील' आणि गिव्हन नेम 'स्नेहा विजय'. जर्मन कारकुनाच्या लेखी पहिला शब्द म्हणजे स्वतःचं नाव, त्यामुळे मार्कशीट वाचताना तो तुम्हाला पाटील नावाची आणि विजय आडनावाची बाई समजतो. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमानं लिहायचं. भाषांतरकारालाही पासपोर्टची प्रत आधीच द्यायची. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावानं आणि पदवी माहेरच्या नावानं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र भाषांतरासह जोडा. नाव अधिकृतपणे बदललं असेल तर राजपत्राची प्रतही.

आता शिक्षणाची मान्यता. इथं नर्सिंग आणि इंजिनिअरिंगच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत, आणि एकमेकांचे सल्ले घेऊन गोंधळ होतो तो इथंच.

इंजिनिअरनं आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये दोन गोष्टी पाहायच्या: संस्थेला 'एच प्लस' (मान्यताप्राप्त संस्थेची खूण) आहे का, आणि पदवी जर्मन पदवीच्या तोडीची धरली आहे का. शोधताना डिग्री सर्टिफिकेटवर पदवी देणारं म्हणून जे नाव छापलंय तेच टाका. कॉलेज सांगलीत असलं तरी पदवी शिवाजी विद्यापीठाची असू शकते. दोन्ही गोष्टी जुळल्या तर त्या पानांची प्रिंट पुरते. नाही जुळल्या तर बॉनमधल्या 'झॅब' या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवायचं, त्याची फी २०८ युरो. इंजिनिअर म्हणून कंपनीत काम करायला एवढं बास होतं.

नर्सचं तसं नाही. तिथं हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवाना राज्य सरकार देतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नोकरी असेल तर श्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझिडियुम (विभागीय प्रशासकीय कार्यालय), बायर्नमध्ये (बव्हेरियात) असेल तर तिथलं नर्सिंगचं राज्य कार्यालय. झॅबकडे अर्ज करून नर्सचा काही उपयोग होत नाही. त्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. या कार्यालयाला मार्कांपेक्षा तास हवे असतात: कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, कुठल्या वॉर्डात प्रॅक्टिकलचे किती. आपल्या मार्कशीटवर ते नसतात. कॉलेज सोडण्याआधीच तासांसकट ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. दोन वर्षांनी प्राचार्य बदलल्यावर तोच कागद मिळवायला हेलपाटे पडतात. सोबत महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. बहुतेकांना उत्तरात 'डेफित्सिटबेशाइड' येतो, म्हणजे काय कमी पडतंय याची यादी. हा नकार नव्हे, घाबरू नका. त्याच कागदावर जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम १६-डीचा, म्हणजे मान्यता पुरी करण्यासाठीचा, व्हिसा मिळतो, तिथं जाऊन ज्ञान परीक्षा किंवा अ‍ॅडॅप्टेशन कोर्स पुरा करायचा आणि परवाना मिळाला की कलम १८-ए वर, म्हणजे कुशल कामगाराच्या परवान्यावर, जायचं. पूर्ण परवान्यासाठी जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीची लागते.

तुमच्याशी गाठ न पडणारं ऑफिस म्हणजे केंद्रीय रोजगार संस्था, 'बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइट'. पगार आणि कामाचे तास स्थानिक माणसापेक्षा वाईट नाहीत ना, हे ती बघते. तिला अर्ज करायचा नसतो. दूतावासच तिला विचारतो. दोन आठवड्यांत ती काही बोलली नाही तर संमती धरली जाते. करारात पगार मोघम लिहिला असेल किंवा कंपनीनं भरायचा नोकरीच्या माहितीचा फॉर्म आणि करार यांत फरक असेल, तर फाइल इथंच थबकते. म्हणून करार आणि फॉर्म शेजारी ठेवून आकडा न् आकडा जुळवून घ्या. ब्लू कार्डचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्याचा) नेहमीचा पगार असेल (२०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरो, हा आकडा दर वर्षी बदलतो) तर या संस्थेची संमती लागत नाही. टंचाईच्या व्यवसायांसाठीच्या कमी मर्यादेवर ब्लू कार्ड घेतलं तर लागते.

घाई असेल तर कंपनी जलद प्रक्रिया वापरू शकते. तिची फी ४११ युरो, आणि अर्ज कंपनीनं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे करायचा असतो, तुम्ही नव्हे. ते कार्यालय मान्यता आणि रोजगार संस्थेची संमती स्वतः मिळवतं आणि पूर्वसंमतीचं पत्र देतं. त्या पत्रावर व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते आणि निर्णयही साधारण पुढच्या तीन आठवड्यांत येतो.

पासपोर्ट हातात आला की व्हिसाचं स्टिकर तिथंच वाचा. नाव, 'डी' प्रकार, तारखा, खाली शेऱ्याच्या जागी कलमाचा आकडा आणि कंपनीचं नाव. चूक असेल तर विमानात बसण्याआधी दुरुस्त करून घ्यायची.

तिथं पोचल्यावर पहिलं काम घर. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालयात) पत्त्याची नोंद, 'आन्मेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर टपालवाला पत्र परत पाठवतो आणि टॅक्स नंबर, बँकेचं पत्र, कार्डाचा पिन, सगळं त्याच पेटीत यायचं असतं. मित्राच्या खोलीत राहत असाल तर त्याच्या नावाखाली तुमचंही नाव हवं.

ही नोंदच पुढचं ऑफिस ठरवते. राहण्याचा परवाना देणारं 'आउसलेंडरबेहोर्डे', म्हणजे परदेशी नागरिक कार्यालय, हे स्थानिक असतं. तासगावच्या माणसाला उत्पन्नाचा दाखला जतच्या तहसीलमध्ये मिळत नाही, अगदी तसंच. श्टुटगार्टसारख्या शहराचं स्वतःचं असतं, बर्लिनचं २०२० पासून 'एलईए' या नावानं आहे, आणि छोट्या गावात राहिलात तर जिल्ह्याचं 'लांड्राट्सआम्ट'. कंपनी श्टुटगार्टला आणि खोली स्वस्त म्हणून शेजारच्या जिल्ह्यात, असं असेल तर तुमचं ऑफिस शेजारच्या जिल्ह्याचं. नवीन माणसं कंपनीच्या शहरातल्या ऑफिसला ईमेल करत राहतात आणि दोन महिन्यांनी "आमच्याकडे येत नाही" एवढं उत्तर मिळतं. 'बाम्फ' या केंद्रीय कार्यालयाच्या नावातही स्थलांतर आहे, पण त्याच्याकडे आश्रयाचे अर्ज आणि भाषेचे इंटिग्रेशन कोर्स असतात. तुमचा परवाना नव्हे.

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परवान्याचा अर्ज पोचलाच पाहिजे. अपॉइंटमेंट पुढची मिळाली तरी चालेल, पण अर्ज आधी, आणि तो पोचल्याची पोच जपून ठेवा. मुदत संपेपर्यंत परवान्याचं कार्ड आलं नाही तर 'फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग', म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागा. त्यावर त्याच निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ लिहिलं असेल तर जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं आणि भारतात जाऊन परतही येता येतं. पोटकलम ३ असेल तर जर्मनीबाहेर पडू नका, परत येताना अडवतात. दिवाळीचं तिकीट काढण्याआधी हा एक आकडा बघाच. कार्डाची फी साधारण १०० युरो, छपाई बर्लिनच्या बुंडेसड्रुकराय या सरकारी छापखान्यात होते आणि चार ते सहा आठवडे जातात. १ मे २०२५ पासून कागदी फोटो बाद झाले. फोटो ऑफिसातच किंवा मान्यताप्राप्त स्टुडिओत डिजिटल काढायचा.

कार्डासोबत मिळणारा हिरवा जोडकागद 'त्सुझात्सब्लाट' कार्डाइतकाच महत्त्वाचा आहे. कुठल्या कंपनीत, कुठलं काम, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्यावर कंपनीचं नाव असताना न विचारता दुसरीकडे रुजू झालात तर ते बेकायदा काम ठरतं. ब्लू कार्डवाल्यांनी पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवायचं. नोकरी मुदतीआधी सुटली तर तुम्ही दोन आठवड्यांत कळवायचं; कंपनीही वेगळं कळवते, तिला चार आठवडे असतात. कंपनीनं कळवलं म्हणून आपलं काम झालं असं धरू नका.

घर बदलून जिल्हा बदलला की फाइल जुन्या ऑफिसातून नव्या ऑफिसात जाते आणि त्यात आठवडे जातात. परवाना संपायला दोन-तीन महिने राहिले असतील तर शक्यतो आधी नूतनीकरण उरकून मग घर बदला. प्रत्येक ईमेलच्या विषयात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि त्यांच्या पत्रावर वरच्या कोपऱ्यात छापलेला 'आक्टेनत्साइशेन', म्हणजे फाइल नंबर, लिहा. नव्या ऑफिसात तो नंबर बदलतो. जुना लिहिला तर पत्र जुन्याच टेबलावर जाऊन पडतं.