वाद्यांविना चौघांचं गाणं: गॉस्पेल क्वार्टेट कसं बसवावं

नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडे नाताळच्या गायनाची तयारी दिवाळी आटोपली की सुरू होते. यंदा चौघांचं गॉस्पेल क्वार्टेट, म्हणजे चार वेगवेगळ्या आवाजांत गायचं ख्रिस्ती भक्तिगीत, बसवायचं असेल, तर पेटी फक्त सूर देण्यापुरती ठेवा. ढोलकी आणि कीबोर्ड खोळीत बंदच राहू द्या. ही गायकी गळ्यावरच उभी राहिली आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी १८७१ साली गुलामगिरीतली भक्तिगीतं घेऊन दौऱ्यावर निघाले. १८९० साली अमेरिकन गायक ऑर्फियस मॅकडू यांनी तसलीच मंडळी दक्षिण आफ्रिकेत नेली. तिथल्या झुलू गायकांनी ती चाल आपलीशी केली, आणि पुढे इसिकाथामिया नावाची गायकी घडली.

आवाज चार: सर्वांत खालचा बास, सर्वांत वरचा टेनर, मुख्य चाल गाणारा लीड, आणि बास व लीडच्या मधला बॅरिटोन. ते संध्याकाळी पारखा. सकाळी उठल्यावर सगळ्यांचेच गळे खाली बसलेले असतात, त्यामुळे खोटा बास सापडतो. सा म्हणून पेटीची काळी एक धरा. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ‘ऊ’कारात पाच सेकंद न थरथरता धरेल तो बास. मानेच्या शिरा न फुगवता, हलक्या आवाजात तार (वरच्या सप्तकातल्या) मध्यमापर्यंत पोचेल तो टेनर. लीडला शब्द स्पष्ट आणि भाव खरा हवा. बॅरिटोनच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात: जो कच्चा, त्याला मध्ये ढकलतात. खरं तर चौघांत सर्वांत पक्का माणूस तिथे लागतो, कारण त्याच्या सुरांना स्वतःची अशी चाल नसते आणि दोन्ही बाजूंनी ओढ असते.

आता सूर. तीन जागा पक्क्या झाल्या की निम्मं काम झालं. पहिली जागा: बास मध्य सा, बॅरिटोन प, लीड तार सा, टेनर तार ग. दुसरी: बास म, बॅरिटोन ध, लीड तार सा तसाच, टेनर तार म. तिसरी: बास खाली मंद्र प, बॅरिटोन मध्य प, लीड शुद्ध नि, टेनर तार रे. बासखेरीज कुणीही एका वेळी दोन सुरांपेक्षा लांब उडी मारत नाही, हे गाऊन पाहा. पहिला आठवडा फक्त बास आणि लीड. मग बॅरिटोन, शेवटी टेनर. एका बैठकीला पाऊण तास, आठवड्यातून तीनदा. सहा आठवडे धरा.

गंधारावर मात्र थांबा. पेटीचा गंधार शुद्ध संवादी गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटीवर घोटलेला टेनर तोच चढा ग लावतो, आणि चौघं सुरात असूनही गाणं कोरडं वाटतं. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो टेनरला ऐकवा. टेनरने ग किंचित उतरवत नेला की एका ठिकाणी चौघांच्या वर पाचवा आवाज असल्यासारखी गुंज उठते. ती जागा कानाला कळली की पुन्हा हरवत नाही.

शब्द अहिराणीत बसवले तर फार शोभतात. लीडने ‘गाव दूर शे’ (गाव दूर आहे) म्हणायचं, बाकीच्यांनी ‘दूर शे, दूर शे’ अशी झील धरायची, बासने नुसतं ‘दूर… दूर’. इथे एक खोड निघते: चौघांचा ‘श’ मागेपुढे पडला की फुसफुस ऐकू येते. म्हणून ‘श’ एकट्या लीडने उच्चारावा, बाकीच्यांनी थेट ‘ए’वर यावं. श्वासही चौघांनी एकदम घेऊ नये, ओळ तुटते. कोणी कुठे घ्यायचा ते कागदावर खूण करून ठेवा. गाणं संपल्यावर पेटीवर सा तपासा. सूर उतरला असेल तर बहुतेक वेळा लीडचा ‘नि’ ढिला पडलेला असतो.

उभं कसं राहायचं? इसिकाथामिया हे नावच झुलूतल्या चोरपावलांनी चालण्यावरून पडलं. खाणकामगारांच्या वसतिगृहात शनिवारी रात्रभर स्पर्धा रंगायच्या, आणि पावलं मांजरीसारखी हलकी पडायची. १९६० साली जोसेफ शाबालाला यांनी उभ्या केलेल्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या इसिकाथामिया गाणाऱ्या चमूच्या नावात शेतातला सर्वांत ताकदीचा काळा बैल आहे आणि कुऱ्हाडही. तरी पाऊल तेवढंच हलकं. चवडा आधी, टाच नंतर टेका. फळ्यांच्या स्टेजवर सतरंजी अंथरा, नाहीतर पावलांचा धप्प आवाज माइकमध्ये जातो.

अभिनय थोडाच, पण नेमका हवा. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक नाटकातल्या ओइडिपस राजाची कथा गॉस्पेलमधून मांडली गेली, तेव्हा त्या आंधळ्या राजाची भूमिका गॉस्पेल गायक क्लॅरन्स फाउंटन आणि त्यांच्या ‘फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ या चमूने मिळून केली. तेच तत्त्व वापरा: लीड पात्र म्हणून एक पाऊल पुढे येईल, तेव्हा बाकीच्या तिघांची नजर प्रेक्षकांकडे नको, त्याच्यावर हवी.

उघड्या मांडवात बास सर्वांत आधी हरवतो. एकच माइक असेल तर बास माइकपासून वीतभर, लीड दोन वीत, बाकीचे दोघे त्याच्याही मागे. साउंडवाल्याला इको पूर्ण बंद करायला सांगा. इकोत गंधार विरघळून जातो. त्या संध्याकाळी तिखट शेवभाजी नको, जेवण तीन तास आधी उरका. पेटीने सा दिला की भाता सोडा, चार मात्रा शांत राहा, आणि पहिला सूर बासला लावू द्या.